ट्रेस चालू असेपर्यंत

कामिसावा गावाच्या मदतकेंद्रात मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुशिबिकी-सान स्क्रीनशी बोलत होत्या. खुर्चीत ताठ बसून त्यांनी बोट वरच्या ओळीवर नेलं, सावकाश खाली आणलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "घंटा नाही. ठीक." मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"सेंदाईहून आलात ना? बूट तिथे काढा. मोजे ओले असतील तर स्टोव्हजवळ ठेवा, पण फार जवळ नको. मागे तुमच्या कंपनीचा एक माणूस आला होता, त्याचा मोजा जळला. प्रोग्राम बसवून गेला आणि वास इथेच ठेवून गेला."

मी हसले. लगेच वाटलं, हसायला नको होतं. मी कशासाठी आले होते ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

कामिसावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण असतं. ते दाबलं की निरोप सेंदाईतल्या सर्व्हरवर जातो आणि तिथून या टेबलावरच्या संगणकावर येतो. संगणकावर आमच्या कंपनीने जावा या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम चालतो. तो घंटा वाजवतो आणि स्क्रीनवर लाल ओळ आणतो: नाव, घर, किल्ली कोणाकडे. टेबलाशी बसलेलं माणूस ओळ वाचून गाडी पाठवतं.

जानेवारीत, हिमवादळाच्या एका सकाळी, तोशिमा हात्सु नावाच्या बाई दारातला बर्फ ओढताना घसरून पडल्या. त्यांनी बटण दाबलं. गाडी गेली नाही. दुपारी शेजारीण शिजवलेलं बीट घेऊन आली तेव्हा त्या पायरीशीच होत्या, आणि त्यांच्यावर बर्फ साचला होता.

त्या सकाळी टेबलाशी कुशिबिकी-सान होत्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: घंटा वाजली नाही, ओळ आली नाही. सर्व्हरचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या नोंदीत निरोप आल्याचं, कामिसावाला पाठवल्याचं आणि कामिसावाहून पोच मिळाल्याचं लिहिलं होतं. 'पोच मिळाली' हे वाक्य ज्याने ज्याने वाचलं, त्याने त्याचा अर्थ एकच घेतला. टेबलाशी बसलेल्या बाईंनी ओळ पाहिली आणि त्या विसरल्या.

मला तसं वाटत नव्हतं, कारण मी प्रोग्राम वाचला होता. पोच माणूस देत नाही. सर्व्हरशी बोलायचं काम आम्ही दुसऱ्या एका कंपनीकडून विकत घेतलेल्या तयार भागावर सोपवलं होतं, आणि तो भाग निरोप हातात पडताक्षणी स्वतःच पोच देऊन टाकतो. निरोप स्क्रीनपर्यंत गेला की नाही, हे तो बघत नाही. त्या मधल्या जागेत काही हरवत असेल तर ते दिसायला एकच उपाय होता: प्रोग्रामचा ट्रेस चालू करणं.

"ट्रेस म्हणजे?" कुशिबिकी-साननी विचारलं.

"माग. प्रोग्राम एकेक पाऊल टाकतो तसं लिहून ठेवतो. लाईन जोडली, निरोप आला, पोच दिली, स्क्रीनकडे सोपवला, ओळ काढली. एरवी हे बंद असतं."

"बंद का?"

"उगाच काम वाढतं म्हणून."

"बघा. मी इतकी वर्षं दर वेळी बोट दाखवून, तोंडाने बोलून तपासते. माझं काम कोणी वाढवलं नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्या वितळलेल्या बर्फाचे थेंब पुसायचं फडकं घडी करत म्हणाल्या. "करा चालू. आणि त्यात मी दिसेन का?"

"नाही. माग फक्त प्रोग्रामचा असतो."

"मग बरं. केस विंचरले नाहीत आज."

काम सोपं होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ असते. तिच्यात 'बंद'च्या जागी 'चालू' लिहायचं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. संगणक जुना होता, डिस्क घरघरत होती. फाइल उघडून पाहिली तर ओळी भराभर खाली उतरत होत्या. मला आनंद झाला. विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत उपकरण पहिल्यांदा काहीतरी दाखवायला लागलं की होतो तसा, अगदी तसा. जाताना त्यांनी मला धुरी दिलेल्या मुळ्याच्या लोणच्याचे काप कागदात बांधून दिले आणि म्हणाल्या, "लवकर सापडू दे. गावात लोक मला दुकानात पुढे जाऊ देतात हल्ली. रांगेत माझ्या शेजारी उभं राहायला नको म्हणून."

*

बिघाड पुन्हा आला नाही.

फेब्रुवारीभर कामिसावात बर्फ पडत राहिला, लाईन तुटत-जोडत राहिली, म्हातारी माणसं बटणं दाबत राहिली. मी सेंदाईत बसून रोज फाइल मागवत होते. निरोप आला, पोच दिली, स्क्रीनकडे सोपवला, ओळ काढली. प्रत्येक घंटेच्या या चार ओळी, प्रत्येक वेळी याच क्रमाने. मी इतकं निर्दोष काही आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते खटकायला लागलं.

कारण कळायला वेळ लागला नाही. प्रोग्रामला दोन हात आहेत असं समजा. एक निरोप झेलतो, दुसरा स्क्रीन मांडतो. लाईन तुटून पुन्हा जोडली गेली की दुसरा हात क्षणभर स्क्रीन पुसून नव्याने मांडत असतो. नेमक्या त्या क्षणी पहिल्याने निरोप पुढे केला, तर समोर घ्यायला हात नसतो. निरोप पडतो. पोच मात्र आधीच गेलेली असते. आता ट्रेस चालू केला म्हणजे पहिल्या हाताला प्रत्येक पावलावर थांबून डिस्कवर लिहावं लागतं, आणि ती डिस्क जुनी, हळू. तो लिहीपर्यंत दुसऱ्याचं मांडून झालेलं असतं. निरोप पडत नाही.

लहान पेल्यातल्या पाण्याचं तापमान मोजायला मोठा थर्मामीटर बुडवला की ते तापमानच बदलतं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. माझा थर्मामीटर पेल्याहून मोठा होता.

पण हे सगळं माझ्या डोक्यात होतं. विकत घेतलेल्या भागाच्या आत काय चालतं ते आम्हाला वाचता येत नव्हतं. मी त्या कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर नम्र होतं: कृपया ट्रेस चालू करावा, बिघाड पुन्हा घडवून दाखवावा आणि ती फाइल पाठवावी. मी लिहिलं की ट्रेस चालू केल्यावर बिघाड घडतच नाही. उत्तर आलं: तर मग सध्या बिघाड नाही असं समजतो, चौकशी बंद करत आहोत, कळवल्याबद्दल आभारी आहोत.

तसाच जुना संगणक शोधून सेंदाईत लावला, ट्रेस बंद ठेवला, खोट्या घंटांचा मारा केला, लाईन हाताने तोडली, जोडली. काही नाही. वादळात डोंगरातली लाईन जशी तुटते तशी ती माझ्या हाताने तुटत नव्हती. दुसरा संगणक कामिसावातच पहिल्याच्या शेजारी लावावा म्हटलं, तर करारानुसार एका केंद्राला एकच जोडणी; दुसरा जोडला की पहिला सुटतो.

आमचे विभागप्रमुख तोकुमारु-सान यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ते ऐकताना पेनाचं टोपण काढतात, लावतात. माणूस वाईट नाही.

"तुझं खरं असेल," ते म्हणाले. "मला पटतंयही. पण दाखवता येईल?"

"नाही. ट्रेस चालू असेपर्यंत नाही."

"मग अहवालात काय लिहू? 'कारण अज्ञात' लिहून नगरपालिकेत नेलं तर ते कागद हातातसुद्धा घेणार नाहीत. मिनेगिशी, बाई गेली आहे. कारण हवं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून उपाय हवा."

"उपाय आहे. ट्रेस चालू ठेवणं."

"तो उपाय कशावरचा? कारणाच्या रकान्यात काय?" त्यांनी टोपण लावलं. "आपल्याकडे 'का' विचारायची पद्धत आहे ना, पाच वेळा? मी आयुष्यभर ते केलं. का, का, का विचारत गेलं की शेवटी माणूस सापडतो. यंत्राला 'का' विचारलं की ते गप्प बसतं. माणूस गप्प बसला तरी वाकून माफी मागतो."

"कुशिबिकी-साननी काही केलेलं नाही."

"मलाही तसंच वाटतं. म्हणून सांगतो, एक वाट आहे. ट्रेस बंद कर. वाट बघ. बिघाड पुन्हा आला, टेबलाशी दोन माणसं बसलेली असली, दोघांनीही ओळ पाहिली नाही आणि सर्व्हर म्हणाला पोच मिळाली, तर मी स्वतः नगरपालिकेत जाऊन सांगेन. पण मी बंद करायला सांगणार नाही. केंद्राने मागितलं तर करू. त्या बाईंना विचार."

*

मी विचारायला गेले. मार्चची सुरुवात होती, रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा झाला होता. कुशिबिकी-सान डबा खात होत्या. भाताच्या गोळ्यात खारवलेला मासा. स्क्रीनकडे पाठ होऊ नये म्हणून त्या तिरक्या बसून जेवत.

मी त्यांना दोन हातांचं सगळं सांगितलं. थर्मामीटरचंही सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. जेवणही थांबवलं नाही.

"म्हणजे मी खोटं बोलले नाही," शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"आणि हे तुम्हाला माहीत आहे, पण दाखवता येत नाही."

"ट्रेस बंद केला तर येईल कदाचित. पुढच्या वादळापर्यंत थांबावं लागेल. तुम्ही केंद्रातर्फे तसं मागितलंत तर..."

"थांबायचं म्हणजे कशाची वाट बघायची?"

मी पिशवीचा बंद नीट करू लागले.

"सांगा ना. कोणाच्या घंटेची?" त्यांनी चॉपस्टिक डब्यावर आडव्या ठेवल्या. आवाज चढलेला नव्हता. "वरच्या आळीत ओनोदेरा आजोबा आहेत, ते रोज चुकून दाबतात. तुमच्या नशिबाने त्यांचाच निरोप पडला तर बरं. पण तळ्याजवळच्या साकुरादा-सान कधीच दाबत नाहीत, गेल्या वर्षी हात मोडला तेव्हासुद्धा लाजून दाबलं नाही. त्यांनी दाबलं आणि तोच निरोप पडला तर? मी इथे बसून बोट दाखवत म्हणेन, घंटा नाही, ठीक. आणि तुम्ही तिकडे सेंदाईत म्हणाल, सापडलं."

"मी तसं म्हणणार नाही."

"म्हणाल, पोरी. तोंडाने नाही म्हणणार. पण तुमचा चेहरा मी पाहिला ना, पहिल्या दिवशी, त्या ओळी उतरायला लागल्या तेव्हा. लहान मुलाला पहिला बर्फ दिसावा तसा."

त्यांनी डबा बंद केला, रुमालात बांधला, दोन्ही गाठी नीट केल्या.

"चालू ठेवल्यावर एकही पडत नाही ना?"

"आजपर्यंत नाही."

"मग चालू ठेवा. बंद करायचं नाही. आणि तुमच्या साहेबांना सांगा, जे लिहायचं ते लिहा."

"पण मग तुमचं नाव..."

"माझं वय झालं आहे. नवरा नाही, मुलगा योकोहामात, तो वर्षातून एकदा येतो आणि घर विकायचं बोलतो. माझ्या नावाला गावात काय भाव यायचा तो दुकानाच्या रांगेत येऊन गेला." त्या खुर्चीत ताठ बसल्या, बोट वरून खाली नेलं. "घंटा नाही. ठीक." मग माझ्याकडे न बघता, "चहा आहे तिथे. स्वतः घ्या. मी उठत नाही."

*

नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर बैठक झाली. तोशिमा-सानची मुलगी चिबाहून आली होती. साधा काळा स्वेटर, हातात आईची किल्ली. तोकुमारु-साननी अहवाल वाचला. कारण: घंटा आल्यावर कर्मचाऱ्याच्या तपासणीत राहून गेलं. उपाय: यापुढे दोन माणसं तपासतील, एकाने बोट दाखवून बोलल्यावर दुसऱ्याने तेच करायचं.

कुशिबिकी-सान उठल्या आणि वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. केस विंचरलेले होते, मागे घट्ट बांधलेले.

"माझी तपासणी कमी पडली. क्षमा मागते."

मुलगी म्हणाली, "आईला तुम्ही ओळखत होता का?"

"होय. बर्फ स्वतः काढू नका म्हणून नेहमी सांगायचे. ऐकायच्या नाहीत."

"नाहीच ऐकायची," मुलगी म्हणाली, आणि इतका वेळ कोरडी होती ती तिथे रडली. मी बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. माझ्या पिशवीत छापलेल्या ट्रेसची जाड चळत होती, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीत सगळं बरोबर चाललेलं होतं. ती पुढे केली असती तर त्या कागदांनी कुशिबिकी-सानविरुद्धच साक्ष दिली असती.

परतताना गाडीत तोकुमारु-सानना विचारलं, "हाच प्रोग्राम बाकीच्या गावांतही आहे. तिथे ट्रेस चालू करू या?"

"पत्रक लिही. मी पुढे पाठवतो."

मी लिहिलं. 'केंद्रांतल्या क्लायंट प्रोग्रामवर ट्रेस कायम चालू ठेवण्याबाबत.' ते माझ्याकडे परत आलं. वरच्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: कारण नमूद करावे. कारण तर अहवालात आधीच नमूद झालेलं होतं, त्यावर शिक्के होते, आणि ते तपासणीत राहून गेलं हेच होतं. प्रोग्राममध्ये दोष नाही, मग त्यावर उपाय कशाला? मी दुसरं कारण घालून पाहिलं, 'देखभालीसाठी'. उत्तर आलं की ट्रेसने डिस्क भरते, गती मंदावते, देखभालीच्या दृष्टीने तो बंद असणंच योग्य. तोकुमारु-साननी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि पेनाला टोपण लावत निघून गेले.

*

एप्रिलच्या शेवटी कामिसावाला गेले. चेरी फुलायला अजून वेळ होता. निमित्त डिस्कचं होतं. ट्रेसच्या फाइलींनी ती भरत आली होती आणि जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातील अशी सोय करायची होती. टेबलाशी आता दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीत कोन-सान नावाच्या नव्या बाई होत्या.

कुशिबिकी-साननी बोट वरून खाली नेलं. "घंटा नाही. ठीक."

कोन-साननी बोट वरून खाली नेलं. "घंटा नाही. ठीक."

"आमचं हे नाटक दिवसभर चालतं," कुशिबिकी-सान मला म्हणाल्या. "तिकीट लावायला हवं." कोन-सान तोंडावर हात ठेवून हसल्या आणि पाणी आणायला उठल्या.

मी फाइली पुसत होते. फेब्रुवारीच्या, मार्चच्या. निरोप आला, पोच दिली, सोपवला, ओळ काढली.

"बाकीच्या गावांतही चालू केलंत ना हे?" त्यांनी विचारलं. अगदी सहज, फडकं घडी करत. ते केलेलंच असणार, असं धरून.

मी कीबोर्डवरून हात काढले.

"नाही," मी म्हणाले. "परवानगी मिळाली नाही. कारण नाही म्हणून. अहवालात कारण म्हणून... तुमचं नाव आहे."

त्यांनी फडकं ठेवलं. बोट स्क्रीनकडे उचललं, पण खाली नेलं नाही. ते तसंच वरच्या ओळीवर टेकलेलं राहिलं.

"म्हणजे तिकडे निरोप पडू शकतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तिथल्या टेबलाशी कोणीतरी बसलेलं असेल."

"हो."

स्टोव्ह बंद होता, तरी रॉकेलचा वास येत होता. आत कोन-सान किटलीत पाणी भरत होत्या. कुशिबिकी-साननी बोट खाली घेतलं, मांडीवर ठेवलं आणि दुसऱ्या हातात धरून बसल्या.

"एक सांगू? हल्ली ती सकाळ आठवते ना, तेव्हा मला ओळ दिसते. लाल. तोशिमा हात्सु, किल्ली शेजारी. आधी दिसत नव्हती. त्या बैठकीनंतर दिसायला लागली."

"कुशिबिकी-सान, ओळ आली नव्हती."

"तुम्ही होता का इथे?"

"नाही, पण प्रोग्राम..."

"दाखवता येतं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग झालं." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडलं. ते समाधान होतं असं मी लिहिलं तर चुकीचं होईल, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. "मी पाहिली होती ओळ. पाहिली आणि विसरले. असंच झालं असणार. माझ्याकडूनच राहिलं असेल तर तुमच्या प्रोग्रामचं काही चुकत नाही. बाकीच्या गावांना कसली भीती?"

"तसं नाही ते."

"तसंच आहे, पोरी. तसंच असू दे."

कोन-सान चहा घेऊन आल्या. कुशिबिकी-साननी खुर्ची स्क्रीनकडे वळवली, ताठ बसल्या आणि बोट वरून सावकाश खाली नेलं. ओठ हलले, आवाज मला ऐकू आला नाही. मग कोन-साननी तेच केलं, मोठ्याने. मी उरलेल्या फाइली पुसल्या. ट्रेस चालू असल्याची खात्री केली आणि बूट घातले.